धान्य, उंदीर आणि पिसू : घरच्या बंदोबस्ताचा क्रम

खळें संपून धान्य घरांत आलें कीं त्याच्या मागोमाग उंदीर येतो, हें शेतकऱ्यास कोणी नव्यानें सांगावयास नको. दरसाल या सुमारास मंडळीचे कांहीं सभासद आम्हांस एकच प्रश्न विचारतात : उंदरावर जालीम औषध कोणतें ? याचें उत्तर दोन ओळींत देतां येईल. परंतु तसें दिल्यास उपायापेक्षां अपाय अधिक होण्याचा संभव आहे, असें आमचें मत झालें आहे. घरांतील उपद्रवी जीव व रोगजंतु यांचा बंदोबस्त करावयाचा तर औषध कोणतें, यापेक्षां काम कोणतें आधीं व कोणतें मागाहून, हें कळणें अधिक महत्त्वाचें आहे. हा क्रम चुकला म्हणजे काय होतें, याचा दाखला आपल्याच प्रांताच्या इतिहासांत आहे. तो प्रथम थोडक्यांत सांगून मग घरच्या उपायांकडे वळूं.

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत गांठीच्या तापाचे रोगी आढळूं लागले. हा रोग प्लेग, म्हणजे ग्रंथिक सन्निपातच होय, असें मूळचे गोव्याकडील डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ओळखिलें. मांडवी हा बंदरालगतचा धान्याच्या वखारींचा भाग आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे. त्या वेळच्या अधिकाऱ्यांची समजूत अशी कीं, रोगाचें विष घाणींत, ओलींत व भिंतींच्या पोपड्यांत बसलेलें असतें. तेव्हां गटारांतून समुद्राचें पाणी व कार्बोलिक ॲसिड सोडण्यांत आलें, रोग्यांच्या घरांच्या भिंती पाऱ्याच्या विषारी क्षाराच्या पाण्यानें धुण्यांत आल्या, वर चुना देण्यांत आला, आणि अंथरुणें-पांघरुणें जाळण्यांत आलीं. सन १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यास रँड यांच्या देखरेखीखालीं गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेऊं लागले. त्यांतून लोकांत केवढा क्षोभ उसळला, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं चापेकर बंधूंच्या हातून काय घडलें, हें सर्वांस माहीत आहे.

एवढें सारें करून साथ थांबली काय ? नाहीं. एका ठिकाणीं ती ओसरे, दुसऱ्या ठिकाणीं उठे, आणि पुढल्या वर्षीं पहिल्या ठिकाणीं पुन्हां परत येई. पुढील कांहीं दशकांत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें या रोगानें दगावलीं. औषध जहाल होतें, खर्च अफाट होता, सक्ती तर कल्पनेबाहेरची होती. परंतु ज्या वाटेनें रोग घरांत येत होता, त्या वाटेवर पहाराच नव्हता.

ती वाट हळूहळू कळून आली. रोगाचा जंतु सन १८९४ सालींच हाँगकाँग येथें यर्सिन यांनीं शोधून काढला होता. परंतु तो उंदरांतून माणसांत कसा येतो, हें सन १८९८ मध्यें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराची येथें प्रयोग करून दाखविलें : उंदराच्या अंगावरील पिसू हीच त्याची वाहक. तज्ज्ञांनीं त्यांचें म्हणणें पुष्कळ दिवस हंसण्यावारी नेलें. पुढें मुंबईस डॉ. लिस्टन यांनीं, व सन १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेंत प्लेग-संशोधकांच्या मंडळानें, हाच विषय कसून तपासला. प्लेग झालेल्या घरांत त्यांनीं गिनीपिग नांवाचे लहान प्राणी ठेविले. मोकळे सोडलेले गिनीपिग प्लेगनें मेले. पिसू शिरूं नये अशा बारीक जाळीच्या पिंजऱ्यांतील वांचले. पिसवेची उडी पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर टांगलेलेहि वांचले, आणि जमिनीलगत ठेविलेले सांपडले. हवा एकच, भिंती त्याच, घाण तीच. फरक काय तो पिसवेचा. यानंतर वादाला जागा उरली नाहीं.

पिसवेची राहणी समजून घेतली म्हणजे पूर्वीचे उपाय कां फसले हें आपोआप ध्यानांत येतें. उंदीर जिवंत आहे तोंवर पिसू त्याच्या अंगावर सुखानें राहते. उंदीर मरून थंड पडूं लागला कीं ती त्याला सोडते आणि दुसरें ऊन रक्त शोधते. दुसरा उंदीर न मिळाला तर माणूस. तिचीं अंडीं बिळांत, जमिनीच्या भेगांत व केरांत पडतात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या तेथल्याच धुळींतील कचऱ्यावर वाढतात. आतां पहा : भिंत धुतल्यानें भेगेंतील अळी मरत नाहीं. घरांत एकाएकीं पाण्याचा व उग्र औषधाचा मारा झाला कीं उंदीर बिळें सोडून शेजारच्या घरांत पळतात, आणि जातांना आपल्या अंगावरच्या पिसवाहि घेऊन जातात. म्हणजे ज्या कामास आपण निर्जंतुकीकरण म्हटलें, त्यानें रोग पुसला न जातां पुष्कळदां पुढच्या आळींत नेऊन सोडला.

याच्या उलट, आपल्या खेड्यांतील वडील मंडळींनीं अनुभवानें एक गोष्ट बरोबर धरली होती. घरांत उंदीर पडूं लागले कीं गांव सोडावयाचा व माळावर किंवा शेतांत झोंपड्या बांधून राहावयाचें, ही रीत त्या काळीं गांवोगांव होती. कित्येक ठिकाणीं घरावरचीं कौलें काढून आंत ऊन घेत, आणि अंथरुणें कडक उन्हांत पसरीत. पुस्तकी कारण त्यांना ठाऊक नसेल. परंतु कोरडी उष्णता पिसवेला सोसत नाहीं, आणि उंदीर व माणूस यांच्यामध्यें अंतर पडलें कीं तिची वाट तुटते, हें आज शास्त्रहि सांगतें. भर उन्हाळ्यांत प्लेगची साथ बहुतेक ठिकाणीं मंदावत असे, त्याचेंहि एक कारण हेंच.

कोणी म्हणेल, प्लेग आतां कोठें आहे ? त्यास आम्ही सन १८९६ चें नव्हे, सन १९९४ चें उदाहरण देतों. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर मराठवाड्यांत पुष्कळ घरें ओस पडलीं आणि घरांतील धान्य तेथेंच राहिलें. पुढल्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं उंदीर पडूं लागले, पिसवांचा उपद्रव सुरू झाला, आणि त्यापाठोपाठ गांठीच्या तापाचे रोगी आढळले. ओस घरांतील धान्यावर उंदीर बेसुमार वाढले, हें त्याचें एक कारण म्हणून तज्ज्ञांनीं सांगितलें आहे. सप्टेंबरांत सुरत शहरीं फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लाखों माणसें शहर सोडून पळालीं. सन २००२ मध्यें हिमाचल प्रदेशांत व सन २००४ मध्यें उत्तरकाशी जिल्ह्यांतहि या रोगानें डोकें वर काढलें होतें. आज वेळेवर उपचार झाल्यास स्ट्रेप्टोमायसीन, डॉक्सिसायक्लीन यांसारख्या औषधांनीं प्लेग बरा होतो, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मांडवींत धान्याच्या वखारी, मामल्यास ओस घरांतील धान्य. दोहोंच्या बुडाशीं एकच गोष्ट दिसते. तीच आपल्याहि माजघरांत आहे.

या इतिहासावरून आम्ही क्रम काढतों तो असा : सर्वांआधीं धान्य बंद करावें, मग उंदराची राहण्याची जागा मोडावी, मारणें हें तिसरें काम, आणि रोगाचा संशय असेल तेव्हां मारण्यापूर्वीं पिसू नाहींशी करावी. पुष्कळ लोक तिसऱ्यापासून आरंभ करतात आणि तेथेंच थांबतात.

पहिलें काम धान्याचें. घरचा एक उंदीर दिवसास सुमारें वीस ग्रॅम धान्य खातो असें धरलें, तर वर्षास सात किलोंहून अधिक होतें. दहा उंदीर म्हणजे पाऊण क्विंटल. मूत्र, लेंड्या व केंस यांनीं तो नासतो तें याहून पुष्कळ अधिक. मादी सुमारें तीन आठवड्यांत वितें, एका वेळीं सहा-आठ पिलें होतात, आणि तीं पिलें तीन-चार महिन्यांत स्वतः विऊं लागतात. मात्र ही वाढ अन्नावर अवलंबून आहे. अन्न बंद झालें कीं वीण आपोआप घटते. अन्न तसेंच राहिलें तर आज मारलेल्या उंदराची जागा दोन महिन्यांत भरून निघते. म्हणून सापळ्यावर खर्चलेल्या रुपयापेक्षां कोठीवर खर्चलेला रुपया अधिक काळ टिकतो.

बांबूची कणगी शेणामातीनें कितीहि लिंपिली तरी घुशीच्या दांतांपुढें ती टिकत नाहीं. उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात, त्यामुळें कुरतडणें ही त्याची खोड नसून गरज आहे. यासाठीं घट्ट झांकणाची जस्ती पत्र्याची कोठी उत्तम. ज्यांना तेवढा खर्च झेपत नाहीं, त्यांनीं दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें काढलेल्या पुसा कोठीचा विचार करावा. ती मातीच्या विटांच्या दुहेरी भिंतींची असून दोन भिंतींमध्यें प्लास्टिकचा कागद असतो, त्यामुळें ओल आंत जात नाहीं. खालच्या भागास भाजलेल्या विटा घातल्या म्हणजे उंदीर पोखरीत नाहीं. धान्य भरण्यापूर्वीं दांताखालीं कट्‌कन् फुटेल इतकें वाळवावें. पोत्यांची थप्पी लावणें भाग असेल तर ती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट दूर लावावी. भिंतीस लागून लावलेली थप्पी म्हणजे उंदरास आयती बोळ. दारांच्या खालच्या कडेस पत्रा ठोकावा. अर्ध्या इंचाच्या फटींतून उंदीर जातो, आणि लहान चिमुकला उंदीर पाव इंचांतूनहि शिरतो. म्हणून फटी कांचेचे तुकडे व सिमेंट यांनीं बुजवाव्या.

दुसरें काम जागेचें. कडब्याची गंज घराच्या भिंतीस टेकून रचूं नये. छपरावर ओथंबलेल्या झाडाच्या फांद्या छाटाव्या. उकिरडा दूर ठेवावा. माळ्यावरचीं जुनीं पोतीं, मोडके नांगर, चिंध्या यांची वर्षांतून दोनदां उलथापालथ करावी. रात्रीं खरकटें व जनावरांचें आंबोण उघडें राहूं देऊं नये. मांजर अवश्य पाळावें. सन १९०८ मध्यें अमरावतीस असलेले डॉ. ब्यूकॅनन यांनीं मांजरें प्लेगचें निवारण करतात, असें मोठ्या आग्रहानें लिहिलें होतें. मात्र प्लेगचा उंदीर खाल्ल्यास मांजरासहि रोग होतो व त्यापासून माणसास होऊं शकतो, हें आतां कळलें आहे. म्हणून उंदीर पडत असतील त्या दिवसांत मांजर अंथरुणांत घेऊं नये.

तिसरें काम मारण्याचें. घरांत सापळा हेंच आमच्या मतें योग्य साधन होय. उंदीर नव्या वस्तूस बिचकतो. यास्तव दोन-तीन दिवस सापळे न लावतां नुसतें आमिष ठेवून त्याची भीड मोडावी, आणि मग एकाच रात्रीं सगळे सापळे भिंतीच्या कडेनें लावावे. एका सापळ्यानें महिनाभर पकडण्यापेक्षां दहा सापळ्यांनीं एका रात्रींत पकडणें चांगलें. चिचुंद्री सांपडल्यास सोडून द्यावी; ती उंदीर नव्हे, तिचें मुख्य खाणें किडे.

विषाचा वापर शेतांतील बिळांपुरता ठेवावा. झिंक फॉस्फाईडचें आमिष करतांना ९६ भाग भरड धान्य, २ भाग गोडें तेल व २ भाग औषध, असें प्रमाण घेतात. तें हातानें न कालवतां काठीनें कालवावें. आधीं दोन दिवस विषाविना आमिष द्यावें, नाहींतर थोडें खाऊन आजारी पडलेला उंदीर पुन्हां त्यास तोंड लावीत नाहीं. ब्रोमाडायोलोनचें ०.००५ टक्क्याचें आमिष सावकाश काम करतें, त्यामुळें उंदरास संशय येत नाहीं. आणि चुकून माणसाच्या पोटांत गेल्यास त्यावर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे. झिंक फॉस्फाईडवर मात्र खात्रीचा उतारा नाहीं. ही मोहीम उन्हाळ्याच्या शेवटीं, शेतांत दुसरें खाणें नसतें तेव्हां, साऱ्या शिवारानें एकदम करावी. एकट्यानें केली तर शेजारच्या बांधावरचे उंदीर आठ दिवसांत त्याच्या शेतांत येतात.

आतां एका गोष्टीविषयीं आम्हांस निक्षून सांगावयाचें आहे. धान्यांत टाकण्याच्या ज्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मिळतात, त्यांतून हवेंतील ओलाव्यानें फॉस्फीन नांवाचा विषारी वायु सुटतो. त्या राहत्या घरांत वापरावयाच्या नाहींत. तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं बंद गोदामांतच वापराव्या, असा सरकारी निर्बंध आहे. तरीहि त्या खेड्यांत सर्रास हातीं येतात. महसूल खात्याच्या नोकरींत असतांना अशाच एका प्रसंगीं पंचनामा लिहिण्यास आम्ही हजर होतों. बाप जाणता व कष्टाळू. गहूं किडूं नये म्हणून त्यानें संध्याकाळीं फडक्यांत गोळ्या बांधून माजघरांतील कोठींत ठेविल्या, आणि पावसाची झड म्हणून दारें-खिडक्या लावून मंडळी तेथेंच निजली. मध्यरात्रीं मुलांना वांत्या सुरू झाल्या. रात्रीचें जेवण बाधलें असें समजून आजीनें लिंबाचें पाणी दिलें. उजाडेपर्यंत दोन लेंकरें गेलीं. आम्हीं कागदावर लिहिलें : कोठी एक, फडकें एक, रिकामी डबी एक. तो बाप पुनःपुन्हां एवढेंच म्हणत होता, "साहेब, मी तर किड्यांसाठीं ठेवलं होतं." वाचकहो, या वायूवर उतारा नाहीं. बंद खोलींत अशा गोळ्या असतां कोणास मळमळ, वांती, छातींत दडपण किंवा गुदमर वाटल्यास सर्वांनीं तत्काळ उघड्या हवेंत यावें, विलंब न लावतां रुग्णालय गांठावें, आणि डॉक्टरांस गोळ्यांची हकीकत स्पष्ट सांगावी. सर्वांत बरें म्हणजे ही वस्तु घरांत आणूंच नये. चांगलें वाळवलेलें धान्य घट्ट कोठींत ठेविलें, तर तिची गरजहि फारशी पडत नाहीं.

आतां रोगाच्या संशयाची वेळ. कारण न कळतां घरांत किंवा गोठ्यांत उंदीर मरून पडूं लागले, तर त्यांना उघड्या हातानें शिवूं नये, झाडूनहि काढूं नये. त्या वेळीं सापळे व विष दोन्ही बंद ठेवावीं. कारण मेलेला प्रत्येक उंदीर आपल्या पिसवा घरांत सोडतो. प्राथमिक आरोग्य केंद्रास त्याच दिवशीं कळवावें. त्यांच्या माणसांकडून बिळांच्या तोंडाशीं व उंदरांच्या वाटांवर पिसूनाशक भुकटी टाकवून घ्यावी, आणि उंदीर मारण्याचें काम त्यानंतरच करावें. तोंपर्यंत जमिनीवर निजूं नये, अंथरुणें उन्हांत टाकावीं. ताप येऊन जांघेंत किंवा काखेंत गांठ आली तर घरगुती उपायांत एक दिवसहि दवडूं नये.

शेवटीं जंतुनाशकाविषयीं. वरील विवेचनावरून तें निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढूं नये. त्याची जागा ठरलेली आहे, एवढेंच आमचें म्हणणें. उंदराच्या मूत्रांतून लेप्टोस्पायरोसिस नांवाचा ताप पसरतो. भातखाचरांत किंवा सांचलेल्या पाण्यांत पायाच्या जखमेवाटे तो अंगांत शिरतो, आणि कोंकणांत पावसाळ्यांत त्याचे रोगी आढळतात. म्हणून लेंड्या व मूत्र पडलेली जागा कोरडी झाडूं नये; प्रथम ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें भिजवावी, थोड्या वेळानें पुसून काढावी, व हात साबणानें धुवावे. पाय फुटले असतील तर खाचरांत उघड्या पायांनीं उतरूं नये. पिण्याच्या विहिरीस एक हजार लिटर पाण्यामागें अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. विहीर तीन मीटर रुंद व पाणी चार मीटर खोल असेल, तर पाणी सुमारें अठ्ठावीस हजार लिटर होतें, व त्यास सत्तर ग्रॅम पावडर लागते. ती बादलींत कालवून, गाळ खालीं बसूं देऊन, वरचें पाणी रात्रीं विहिरींत सोडावें. सकाळीं पाणी वापरण्याजोगें होतें. जेथें जंतु पाण्यांत आहे तेथें औषध पाण्यांत. जेथें तो पिसवेंत आहे तेथें औषध पिसवेवर. भिंतीवर ओतून कांहीं साधत नाहीं.

एका घरानें हें सर्व केलें तरी शेजारची कणगी उघडी असेल तर उंदीर तेथें वाढून परत येणारच. यासाठीं आमची मंडळीच्या सभासदांस सूचना आहे कीं, येत्या हंगामापूर्वीं प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एकत्र बसून कोणाकडे किती कोठ्यांची उणीव आहे याची यादी करावी, आणि पत्रा घाऊक आणून गांवच्याच कारागिराकडून त्या करून घ्याव्या. औषधाची मागणी त्यानंतर करावी. यादी केल्यावर पुष्कळ गांवांस असें दिसून येईल कीं, औषध वाटलें होतें तितकें लागत नाहीं.